शरणम्माकाकूंचे अळणी डबे

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी नांदेडहून तिथे नोकरीला गेले. मराठी घेऊन बी.ए. झाले होते. काम होतं आलेल्या टपालावर शिक्के मारायचं. कचेरी नवी होती, पाट्या नव्या होत्या. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकने येत आणि गठ्ठ्यांच्या मागोमाग घरदार सोडून आलेले कारकून येत. त्यांना जेवण हवं असे. तालुक्यांतले आजारीही आता लातूरच्या दवाखान्यात येऊ लागले होते. त्यांनाही जेवण हवं असे.

शरणम्माकाकू दोघांनाही डबे देत. मी त्यांच्याच घरात दाराजवळची लहान खोली भाड्याने घेतली होती.

काकू पन्नाशीच्या होत्या. ठेंगण्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाचा चांदीचा करंडा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. नवरा माणिकप्पा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी चाळीस वर्षं पोती मोजली होती. मापाडी मोजताना ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. आप्पा घरीही तसंच मोजत. पहिली भाकरी ताटात पडली की म्हणत, “लाभ.”

काकू म्हणत, “खा गप. मोजून खाल्लेलं अंगी लागत न्हाई.”

पथ्याचे डबे सुरू झाले ते आमच्या कचेरीतल्या विरूपाक्षमुळे. हा निलंग्याचा, चाळिशीतला कारकून. त्याला साखर निघाली. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी घेऊन तो काकूंकडे आला. काकूंनी ती माझ्या हातात दिली.

“वाच.”

मी वाचलं. गूळ नाही, साखर नाही, भात नाही, बटाटा नाही. तेल बेतानं.

“सगळं न्हाईच हाय. मग खायाचं काय, ते कुठं लिवलंय?”

ते लिहिलेलं नव्हतं.

“ते बी लिवायचं व्हतं की,” काकू म्हणाल्या. “बरं. ते मी बघते.”

त्यांनी विरूपाक्षला समोर बसवलं आणि विचारलं, “तुझी आई काय करती ते तुला आवडतंय?” तो म्हणाला, मेथीची पातळ भाजी आणि धपाटे. काकूंनी धपाट्यातलं गव्हाचं पीठ काढलं. ज्वारी आणि हरभऱ्याचं ठेवलं, त्यात मेथी दुप्पट केली आणि तव्यावर तेलाचं नुसतं बोट फिरवलं. विरूपाक्ष दोन घास खाऊन म्हणाला, “ह्यात पथ्य कुठाय?”

“तुला दिसलं तर ते पथ्य कसलं,” काकू म्हणाल्या.

त्यानंतर डबे वाढत गेले. वाचता येत नसल्याने काकूंनी डब्यांच्या कड्यांना दोरे बांधले. साखरवाल्यांना हिरवा. पोटात जखम झालेल्यांना लाल. त्यांच्या डब्यात तिखट नाही, ज्वारीच्या कण्या आणि गोडं ताक. ज्यांना मीठ बंद त्यांना पांढरा. आळीतल्या बाया गमतीने विचारत, “शरणम्मा, नवऱ्याला कुठला दोरा?” काकू म्हणत, “त्यांना काळा. नजर लागती.”

पांढऱ्या दोऱ्याचा डबा सगळ्यांत अवघड. अळणी जेवण माणूस दोन दिवस खातो आणि तिसऱ्या दिवशी ताट सरकवतो. काकूंनी त्यावर बरंच डोकं चालवलं होतं. त्यांच्याकडे बसून मी ते पाहिलं आहे, म्हणून लिहून ठेवते. वरणात त्या चुक्याची आंबट पानं घालत, कधी अंबाडी, दोन्ही नसलं तर उतरवल्यावर लिंबू. आंबट असलं की जीभ मिठाची आठवण थोडा वेळ विसरते. लसूण तेलात न परतता निखाऱ्यात भाजत आणि मग ठेचत. जिरं आधी भाजून त्याची पूड वरून, शेवटी. तीळ आणि शेंगदाण्याचा कूट जाडसर. दाताखाली काही आलं की माणूस चावतो आणि चावलं की चव लागते. आणि डबा गरम पोचला पाहिजे. “अळणी गार झालं की मेलं,” असं त्या म्हणत. डबे नेणाऱ्या सायकलवाल्याला त्या रोज यावरून बोलत.

चिठ्ठ्या मी वाचत होते. जे लिहिलेलं असे तेच वाचत होते.

पाऊस दोन वर्षं कमी झाला होता. तिसऱ्या वर्षी मठाचा आड आटला. आळी त्या आडावरच होती. गोडं पाणी, डाळ अर्ध्या तासात शिजायची. मग सगळे हापशावर गेले. हापशाचं पाणी जड होतं. साबणाला फेस येत नसे. भगुन्याच्या आत पांढरा थर धरे आणि तो चिंचेनेही निघत नसे. पहाटे रांगेत हंडे ठेवायचे आणि उन्हं वर आल्यावर दोन हंडे मिळायचे.

त्या पाण्यात तुरीची डाळ शिजेना. दोन तास चुलीवर राही आणि दाणा दाताखाली कचकन लागे. लाकडं संपत. डब्याची वेळ टळे. मग काकूंनी जे आळीतल्या सगळ्या बाया करत होत्या तेच केलं. डाळीत खायचा सोडा टाकला. चिमूटभर टाकला की डाळ मेणासारखी मऊ होई. पाणी आणखी जड झालं तशी चिमटीची जागा चमच्याने घेतली. मी ते रोज पाहत होते. त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर आप्पांचे पाय सुजले.

चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत राहू लागला. मग दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. डॉक्टरांनी तपासलं. हृदय थकलंय म्हणाले. गोळ्या दिल्या. मीठ बंद, लोणचं-पापड बंद, दिवसाला पाणी चार गिलास. महिन्याभराने पाहू, सूज उतरली तर घरीच ठीक, वाढत गेली तर सोलापूरला न्यावं लागेल आणि तिथेही ते खात्री देणार नाहीत.

दवाखान्यातून येताना काकू म्हणाल्या, “एवढ्या लोकांची पथ्यं केली. घरच्याचं करायला काय लागतंय.”

घरी येऊन त्यांनी आप्पांच्या पितळी गिलासाला पांढरा दोरा बांधला. मिठाची बरणी कुलपाच्या पेटीत ठेवली. आणि स्वतःही मीठ सोडलं.

“तुम्ही कशाला?” मी विचारलं.

“त्यांनी अळणी खायाचं अन् मी समोर बसून चटणी-मीठ खायाचं? तोंडात घास फिरंल का?”

एक प्रश्न राहिला होता. लिंगायतांत जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटाने ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकतात. अन्न प्रसाद, त्यातला कणही टाकायचा नाही. आप्पांनी ते लहानपणापासून कधी चुकवलं नव्हतं. काकूंनी मला डॉक्टरांकडे विचारायला पाठवलं, ताट धुतलेलं पाणी चार गिलासांत धरायचं का. डॉक्टर हसले. धरा म्हणाले. मग आप्पा गिलासातलं पाव पाणी ताटासाठी शिल्लक ठेवू लागले. सकाळचा पहिला गिलास उचलताना म्हणत, “लाभ.” दिवसभरात ‘चार’ पर्यंत जायचे आणि गिलास पालथा घालायचे.

काकू रोज सकाळी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून बघत. सूज असली की तिथे खड्डा पडतो आणि बराच वेळ राहतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत खड्डा लवकर भरू लागला. काकूंनी मला हाक मारून दाखवलं.

“बघ. उतरून राहिली.”

आप्पा म्हणाले, “नांदेडकरीण, कचेरीत सांग. माणिकप्पाचा पाय खाली आला म्हणावं. धान्याचा भाव कवा यायचा त्यो येऊ दे.”

पुढे ती उतरायची थांबली. मग हळूहळू परत चढू लागली.

आप्पांना जेवण जात नव्हतं. पोट फुगल्यासारखं वाटे. काकू अर्धा गिलास लिंबाच्या पाण्यात सोडा टाकून देत. फेस वर आला की आप्पा घटाघटा पीत. “जिल्हा झाल्याचा हा एक फायदा,” ते म्हणत. “सोडावॉटर घरपोच.” दिवसातून एकदा, कधी दोनदा. चार गिलासांत धरून.

पौषात खड्डा पोटरीपर्यंत आला. काकूंचं बोलणं कमी झालं. त्या स्वतःच्या हाताने शिजवत होत्या. त्या हातात मीठ नव्हतं. सूज मात्र होती. मग मीठ कुठून येत होतं, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे उरला. आणि त्याचं उत्तर त्यांना एकच सुचलं.

आप्पा अजून रोज तासभर मोंढ्यात जाऊन बसत. तिथे त्यांचा जुना सोबती होता, चन्नबसप्पा, तोही मापाडी. मोंढ्याच्या दारात भज्यांचा गाडा होता.

“काय खाल्लं आज?” काकू दारातच विचारत.

“वारा.”

“चन्नबसप्पानं काय खाऊ घातलं?”

“त्यो मला? त्यो सोताच्या बैलाला पेंड घालताना रडतो.”

काकू हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांचा हात हुंगला. मी खोलीत होते. दार उघडं होतं. आप्पांनी दुसरा हातही पुढे केला.

एकदा त्यांना आप्पांच्या बंडीच्या खिशात कागदाची पुडी सापडली. आत पांढरी भुकटी. काकूंनी मला हाक मारली आणि साक्षीला उभं केलं. मग बोट लावून जिभेवर ठेवलं. त्यांचा चेहरा बदलला. ती विभूती होती.

आप्पा ओट्यावरून म्हणाले, “खा, खा. पुण्य लागतंय. अळणी बी हाय.”

मला हसू आलं. काकूंना नाही. त्यांनी पुडी तशीच घडी करून परत खिशात ठेवली आणि चुलीपाशी गेल्या.

माघात एका सकाळी आप्पा पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हाताने पाणी, विभूती, बेलाचं पान. काकूंनी येऊन त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा खोल पडला. अंगठ्याचं अख्खं पेर आत गेलं.

“अहो, खरं सांगा. मी रागावणार न्हाई. भजी खाता का? चिवडा? कुणी लोणच्याची फोड देतंय का?”

आप्पांनी तळहात थोडा वर केला.

“हे हातावर हाय,” ते म्हणाले. “ह्याच्यासमोर सांगतो. दिवाळीपास्नं मिठाचा खडा जिभेला लागला न्हाई.”

लिंगायत माणूस लिंग हातात असताना खोटं बोलत नाही. बोललाच तर त्याहून मोठं पाप नाही. हे मला नंतर चन्नबसप्पांनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की काकू दोन पावलं मागे सरकल्या.

“त्याला तरी मधी आणू नका,” त्या म्हणाल्या.

आप्पांनी पूजा पुरी केली. त्या दिवसापासून ते मोंढ्यात गेले नाहीत. ओट्यावरही बसले नाहीत. काकूंना दिसेल अशा जागी, चुलीच्या समोरच्या भिंतीला टेकून बसून राहत. दिवसभर. कुणी आलंच तर त्याने आणलेल्या केळ्यालाही हात लावत नसत, आधी काकूंकडे बघत. चन्नबसप्पा एकदा येऊन गेले. म्हणाले, “वैनी, पहाऱ्यात ठेवलंय का?” काकू म्हणाल्या, “तुमच्याच करणीनं.” ते पुन्हा आले नाहीत.

तरीही सूज चढत होती.

सोलापूरला सोमवारी जायचं ठरलं. मी रजेचा अर्ज दिला होता. शनिवारी सकाळी आप्पांनी गिलास उचलला, “लाभ” म्हणाले आणि पाणी प्यायले. दुसरा गिलास दुपारच्या जेवणाला होता. तो त्यांनी मागितला नाही.

लिंगायतांच्या रीतीने बसवून पुरलं. डाव्या हातात लिंग ठेवलं. विभूतीने कपाळ भरलं.

भेटायला बाया येत. काकू प्रत्येकीला एकच सांगत. “मी मीठ सोडलं. त्यांनी न्हाई सोडलं.” कुणी जवळची असली तर आवाज उतरवून पुढचंही सांगत. “लिंग हातात घिऊन खोटं बोलले, बाई. काय गत झाली असंल.” बाया पदर तोंडाला लावत. आळीभर ते झालं. मोंढ्यातही झालं. चाळीस वर्षं ज्याचं माप कुणी दुसऱ्यांदा मोजलं नव्हतं, तो माणूस खोटी शपथ घेऊन गेला.

मला ते खोटं वाटत नव्हतं. खरंही वाटत नव्हतं.

पंधरा दिवसांनी डबे परत सुरू झाले. काकू म्हणाल्या, बसून काय करू. त्यांनी आपलं मीठ मात्र परत सुरू केलं नाही. विचारलं तर म्हणत, “सवय झाली.”

चैत्राच्या शेवटी विरूपाक्षने त्याच्या आईला निलंग्याहून आणून दवाखान्यात ठेवलं. लक्ष्मम्मा त्यांचं नाव. पाय सुजलेले, धाप लागलेली. डॉक्टर दुसरे होते, तरुण, नव्याने आलेले. पांढऱ्या दोऱ्याचा डबा सुरू झाला. सायकलवाला आला नाही त्या दिवशी डबा मी नेला.

डॉक्टर फेरीवर होते. त्यांनी लक्ष्मम्मांचा पाय दाबून पाहिला आणि विरूपाक्षला विचारलं, “मीठ खरंच बंद आहे ना?”

“डबा शरणम्माकाकूंचा आहे साहेब. पांढऱ्या दोऱ्याचा.”

डॉक्टरांनी दोऱ्याचं काही विचारलं नाही. डबा उघडायला लावला. चमच्याने डाळ उचलली, चाखली नाही, नुसती चमच्यावरून परत सोडली. ती तार धरून खाली आली.

“तुरीचीच ना? एवढी मऊ कशी?”

मी म्हणाले, “हापशाच्या पाण्यात शिजत नाही. सोडा घालतात.”

“किती?”

मी बोटांनी चमचा दाखवला.

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. ते रागावले नाहीत. थकलेले दिसत होते. म्हणाले, “मीठ बंद म्हणजे मिठातला जो भाग पाणी धरून ठेवतो तो बंद. तोच भाग सोड्यात आहे. चमचाभर सोडा म्हणजे अर्धा चमचा मीठ समजा. जिभेला कळत नाही एवढंच. उद्यापासून सोडा नको. पापडखारही नको. पाणीही हापशाचं नको, जमलं तर.”

“आणि लिंबू-सोडा?” मी विचारलं. “पोट फुगलं म्हणून दिला तर?”

“तो तर नकोच.”

मी डॉक्टरांना आप्पांचं सांगितलं. पाय, गोळ्या, चार गिलास, सोडा. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हृदयच थकलेलं असेल तर सोडा नसता तरी किती दिवस मिळाले असते सांगता येत नाही. पण सूज का उतरली नाही, ते यावरून कळतं.

दवाखान्यापासून घर वीस मिनिटांवर होतं. मला तास लागला. मी सांगितलं नाही तर आप्पा खोटेच राहणार होते. सांगितलं तर काकूंचं काय होणार होतं, मला माहीत नव्हतं. आणि संध्याकाळी पांढऱ्या दोऱ्याचे तीन डबे जायचे होते. शेवटी त्या तीन डब्यांनी ठरवलं.

काकू सुपात डाळ निवडत होत्या. मी समोर बसले.

“काकू, डब्यात सोडा घालू नका.”

“का गं? दाळ शिजायची न्हाई.”

“डॉक्टरांनी सांगितलं. सोडा मिठासारखाच असतो. त्यानेही सूज येते.”

“सोडा कुठं खारट लागतो?”

“लागत नाही. पण अंगात गेला की मिठाचंच काम करतो.”

त्यांचे हात चालत राहिले. दोन खडे काढले. मग थांबले.

“लिंबात द्यायची तो बी?”

“तोही.”

बाहेर हापशाचा दांडा वर-खाली होत होता.

“म्हंजे ते खरं बोलले,” काकू म्हणाल्या.

मी मान हलवली.

“तुला लिवाया-वाचाया येतंय. तुला म्हाईत नव्हतं?”

“नाही काकू. चिठ्ठीत नव्हतं.”

“खायाचं काय ते बी चिठ्ठीत नसतंय. ते मी इचारत हुते. हे इचारलं न्हाई.”

त्या रडल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं, फडताळातला सोड्याचा डबा काढला, मोरीत रिकामा केला आणि वर पाणी ओतलं. दुष्काळात कुणी मोरीत तांब्याभर पाणी ओतत नाही. त्यांनी ओतलं. मग डोक्यावरचा पदर नीट केला.

“चल.”

“कुठे?”

“ज्यांना सांगितलं त्यांना सांगाया.”

दुपार होती. ऊन खाली उतरलेलं नव्हतं. आम्ही आळीतल्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. काकू दारात उभ्या राहत. आत बोलावलं तरी बसत नसत.

“आमच्यांनी मीठ खाल्लं न्हाई. शपथ खरी व्हती. माझ्याच दाळीतल्या सोड्यानं सूज चढली. तुमच्या घरात कुणाचे पाय सुजत असतील तर सोडा घालू नका.”

एवढंच. प्रत्येक घरी तेच, त्याच शब्दांत. महानंदा नावाची शेजारीण म्हणाली, “जाऊ द्या हो अव्वा, आता कशाला उकरता.” काकू म्हणाल्या, “मी पुरलं ते मीच उकरणार.” एका घरी म्हातारे सासरे बाजेवर होते, पाय उशीवर. सून चटकन चुलीकडे बघू लागली. काकूंनी तिथे भगुनं उघडायला लावलं आणि सांगितलं, “तूर भिजत घाल रात्रभर. नाहीतर जात्यावर भरड काढ अन् पिठल्यावाणी शिजव. मुगाची असली तर लई बरं, ती जड पाण्यात बी शिजती.” हे सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असून सोडा टाकला होता, कारण त्याला वेळ कमी लागे.

शेवटी मोंढा. चन्नबसप्पा काट्यापाशी पोत्यावर बसले होते. काकू समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तेच वाक्य बोलल्या. त्यात एक भर घातली. “तुमच्यावर बी मी बोलले. ते बी खोटं व्हतं.”

चन्नबसप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून तोंड पुसलं. “मला म्हाईत व्हतं वैनी. त्यो माझ्यासंगं बसायचा अन् माझी भजी मोजायचा. लाभ, दोन, तीन. म्हणायचा, तू खा, मी मोजतो. तेवढ्यानं भागतंय.”

काकूंनी पोत्याला हात टेकला. मग घरी आलो. तीन डबे मुगाच्या डाळीचे गेले. उशिरा गेले.

पुढचे दिवस मी सकाळी कचेरीच्या टँकरमधून एक हंडा गोडं पाणी आणत होते. ते पांढऱ्या दोऱ्याला लागे. दहाव्या दिवशी विरूपाक्ष रिकामा डबा घेऊन आला.

“काकू, आईची सूज उतरली. डॉक्टर परवा सोडणार.”

काकूंनी विचारलं, “किती?”

“उतरलीच म्हणा.”

त्यांनी चूल तशीच ठेवली, चपला घातल्या. मी बरोबर गेले. लक्ष्मम्मा खाटेवर बसून दाणे सोलत होत्या. काकू त्यांच्या पायाशी बसल्या. म्हणाल्या, “बघू.” लुगडं घोट्यावरून वर केलं आणि अंगठा दाबला. मग उचलला.

खड्डा पडला नाही.

त्यांनी परत त्याच जागी दाबला. परत उचलला. तिसऱ्यांदा अंगठा ठेवला तो उचललाच नाही. लक्ष्मम्मांनी दाणे सोलायचे थांबवले. “काय झालं बाई?” त्यांनी विचारलं.

“काही न्हाई,” काकू म्हणाल्या. “उतरली.”

त्यांनी लुगडं खाली सारखं केलं. खाटेचा कठडा धरून उठल्या. दारापाशी आल्यावर मला म्हणाल्या, “चूल पेटती ठिऊन आले. चल.”